मदीना न सोडणारा सेनापती, काबूलला गेलेला राजदूत : फखरुद्दीन पाशा

मदीनेत अंबरिया नावाच्या भागात एक जुनं रेल्वे स्टेशन आहे. हज किंवा उमराला गेलेल्या अनेकांनी ते पाहिलंही असेल. काळ्या दगडाची भक्कम इमारत. गाड्या केव्हाच बंद झाल्या, आज तिथे संग्रहालय आहे. पण शंभर वर्षांपूर्वी या स्टेशनवर थेट दमिश्कहून गाड्या यायच्या. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस एक तुर्की सेनापती या शहरात दाखल झाला. त्यांचं नाव उमर फखरुद्दीन पाशा. लोक त्यांना फखरी पाशा म्हणत.

पुढची अडीच वर्षं या माणसाने मदीना सोडली नाही. शहराला वेढा पडला, रसद तुटली, महायुद्ध संपलं, एवढंच काय, त्यांच्याच सरकारने शहर रिकामं करण्याचा हुकूम पाठवला. तरी ते हटले नाहीत.

आपल्याकडे फखरी पाशांची ओळख बहुतेक वेळा इथेच थांबते. मदीनेचा रक्षक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं आणि गोष्ट संपते. पण हाच सेनापती पुढे तुर्कस्तानचा राजदूत होऊन काबूलला गेला आणि तिथे चार वर्षं राहिला, हे फारसं सांगितलं जात नाही. आणि मदीना राखताना मदीनेच्या रहिवाशांना काय भोगावं लागलं, तेही सांगितलं जात नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, तरच हा माणूस नीट कळतो.

निर्वासिताचा मुलगा

फखरुद्दीन यांचा जन्म १८६८ साली डॅन्यूब नदीच्या काठावरच्या रुसचुक या गावी झाला. हे शहर आज बल्गेरियात आहे आणि त्याला रुसे म्हणतात. तेव्हा ते उस्मानी सल्तनतीत होतं. १८७७-७८ च्या रशियाबरोबरच्या युद्धात सल्तनतीचा पराभव झाला आणि बाल्कन भागातल्या लाखो मुसलमानांना घरदार सोडून निघावं लागलं. फखरुद्दीन यांचं कुटुंबही तेव्हा इस्तंबूलला आलं. आपलं गाव एका तहाने परक्याचं होतं म्हणजे काय, हे त्यांनी दहाव्या वर्षीच पाहिलं होतं.

इस्तंबूलला त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं आणि १८९१ मध्ये युद्ध महाविद्यालयातून ते बाहेर पडले. बरीच वर्षं पूर्वेकडच्या सरहद्दीवर काढली. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात ते लढले. १९१३ च्या जुलैमध्ये उस्मानी सैन्याने एदिर्ने शहर परत मिळवलं, त्या मोहिमेतही ते होते.

या बाल्कन युद्धाशी हिंदुस्थानचाही एक धागा जोडलेला आहे. जखमी तुर्की सैनिकांच्या सेवेसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी एक वैद्यकीय पथक नेलं होतं. १९१२ च्या डिसेंबरमध्ये ते मुंबई बंदरातून निघालं. त्या पथकात अलीगढला शिकणारा पेशावरचा अब्दुर्रहमान नावाचा तरुण होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे काबूलमध्ये तो पुन्हा भेटणार आहे.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. फखरी पाशा सीरियातल्या चौथ्या सैन्यात जमाल पाशांचे दुय्यम म्हणून काम करू लागले. इथली एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांना त्यांच्या गावांतून हुसकावून वाळवंटाकडे नेण्यात आलं आणि त्यात अगणित माणसं मेली. उर्फा शहरातल्या आर्मेनियनांनी निघायला नकार देऊन प्रतिकार केला, तेव्हा तोफा लावून तो मोडून काढणाऱ्या सैन्याची कमान फखरी पाशांकडे होती. मदीनेचा रक्षक म्हणून त्यांचा गौरव करणाऱ्या लेखांत उर्फाचा उल्लेख सहसा नसतो. पण माणूस तोच आहे.

बंड आणि वेढा

आता हिजाजकडे येऊ. मक्केचे शरीफ हुसेन हे सुलतानानेच नेमलेले होते. पण त्यांचा इंग्रजांशी पत्रव्यवहार सुरू होता आणि अरबांचं स्वतंत्र राज्य उभं करण्याची तयारी चालली होती. याचा वास आल्यावर जमाल पाशांनी फखरी पाशांना मदीनेला पाठवलं. ते पोहोचले आणि काही दिवसांतच, जून १९१६ च्या पहिल्या आठवड्यात, बंडाला तोंड फुटलं. त्याच महिन्यात जेद्दा गेलं, पाठोपाठ मक्का गेली, सप्टेंबरमध्ये ताइफही पडलं. हिजाजच्या मोठ्या शहरांपैकी मदीना तेवढी उरली.

हिंदुस्थानातल्या मुसलमानांमध्ये या बंडाने मोठी खळबळ उडाली. खलिफाविरुद्ध मक्केच्या शरीफाने उठावं आणि तेही इंग्रजांच्या पैशावर, हे अनेकांना सहन झालं नाही. त्यातच हिंदी फौजांतले मुसलमान शिपाई इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढत होते. म्हणजे एकाच घरात एकाचा मुलगा पलटणीत आणि दुसऱ्याची दुआ खलिफासाठी, अशी अवस्था होती.

मदीना टिकली ती दोन गोष्टींवर. एक फखरी पाशांचा हट्ट आणि दुसरी हिजाज रेल्वे. दमिश्क ते मदीना हा सुमारे १,३०० किलोमीटरचा मार्ग १९०८ साली सुरू झाला होता. जगभरातल्या मुसलमानांनी त्यासाठी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातून गेलेला पैसाही होता. उंटावरून चाळीसेक दिवसांचा प्रवास गाडीने चार-पाच दिवसांवर आला. हाजींसाठी बांधलेल्या याच मार्गाने आता सैनिक, तोफा आणि धान्य येऊ लागलं.

सुरुवातीला फखरी पाशा नुसते बचाव करत बसले नाहीत. १९१६ च्या डिसेंबरात त्यांचं सैन्य लाल समुद्रावरच्या यनबू बंदराच्या अगदी जवळ पोहोचलं होतं. किनाऱ्यावर इंग्रजांची लढाऊ जहाजं उभी होती. तुर्की तुकड्या तिथून मागे वळल्या आणि पुढल्या महिन्यात अरब सैन्याने वज्ह बंदर घेतलं. आता रेल्वेमार्गच धोक्यात आला, तेव्हा पाशांना मदीनेत परतावं लागलं. तिथून पुढे खरा वेढा सुरू झाला. शरीफ हुसेन यांचे मुलगे अली आणि अब्दुल्ला शहराच्या बाहेर ठाण मांडून बसले. लॉरेन्ससारखे इंग्रज अधिकारी आणि अरब टोळ्या रूळ उखडत होत्या, पूल उडवत होत्या. तुर्क ते पुन्हा जोडत होते.

यातली मेख अशी की मदीना जिंकायची इंग्रजांना घाईच नव्हती. लॉरेन्सचा हिशोब सरळ होता. तुर्कांची हजारो माणसं मदीनेत आणि रेल्वेच्या रखवालीत अडकून पडली, तर ती पॅलेस्टाइनच्या आघाडीवर येणार नाहीत. म्हणजे रूळ पुरता तोडायचा नाही, फक्त जेमतेम चालेल एवढाच ठेवायचा. तुर्की सेनापतींनाही हे दिसत होतं. १९१७ मध्ये मदीना सोडून सैन्य उत्तरेला हलवावं, असा विचार वरच्या पातळीवर झाला. फखरी पाशांनी त्याला कडाडून विरोध केला. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या रौजावरून आपल्या हाताने झेंडा उतरवायला ते तयार नव्हते. लष्करी हिशोब एकीकडे आणि अकीदत दुसरीकडे, अशी ही ओढाताण होती, आणि पाशांनी अकीदतीची बाजू धरली.

रौजातील अमानती

मदीना केव्हाही हातची जाईल, हे मात्र पाशा ओळखून होते. म्हणून १९१७ मध्ये त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. शतकानुशतकं सुलतानांनी आणि श्रीमंत भक्तांनी रौजाला भेट दिलेल्या मौल्यवान वस्तू, जुने कुरआन, हिरे, शमादानं असं सगळं मोजून, यादी करून त्यांनी कडक पहाऱ्यात रेल्वेने इस्तंबूलला पाठवलं. सतराव्या शतकात सुलतान अहमद पहिला याने रौजासाठी पाठवलेला प्रसिद्ध हिराही त्यात होता. यातल्या अनेक वस्तू आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत.

यावरून वाद अजून चालू आहे. तुर्कांच्या मते पाशांनी अमानत लुटीतून वाचवली. अनेक अरबांच्या मते त्यांनी मदीनेची ठेव मदीनेतून नेली. वादाची गाज किती लांब गेली पहा. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातल्या २४६ व्या कलमात असं लिहिलं गेलं की, तुर्कांनी मदीनेहून नेलेली आणि जर्मन कैसरला भेट दिल्याचं सांगितलं जाणारी हजरत उस्मान (रजि.) यांची कुरआनची मूळ प्रत जर्मनीने हिजाजच्या राजाला परत करावी. युरोपातल्या तहात मदीनेच्या कुरआनचं कलम, असं हे प्रकरण आहे.

रिकामं झालेलं शहर

आणि आता मदीनेच्या लोकांविषयी. वेढा लांबला तशी शहरात अन्नाची टंचाई झाली. सैन्य पोसायचं की रहिवासी, हा प्रश्न पाशांपुढे आला. त्यांनी रहिवाशांना शहराबाहेर काढायला सुरुवात केली. हजारो लोकांना गाडीत बसवून दमिश्क आणि त्याच्याही पुढे पाठवण्यात आलं. अनेक कुटुंबांची ताटातूट झाली. काही जण परतलेच नाहीत. मदीनेत या काळाला सफरबरलिक म्हणतात. तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थ युद्धासाठीची जमवाजमव असा होतो, पण मदीनेच्या घराघरांत त्याचा अर्थ एकच राहिला, तो म्हणजे घरातून उचलून नेणं. जे मागे उरले त्यांनी भुकेचे दिवस काढले. बागांमधला खजूर सैन्यासाठी राखला गेला.

सैनिकांचे हालही काही कमी नव्हते. धान्य संपत आलं तेव्हा पाशांनी टोळ खाण्याविषयी एक लेखी हुकूमच काढला. टोळ कसा शिजवावा, तो अंगाला कसा चांगला असतो, हे त्यात समजावलं होतं, आणि टोळ हलाल असल्याचं सर्वांना ठाऊकच होतं. १९१८ च्या एप्रिलमध्ये मआनच्या दक्षिणेकडचा रेल्वेमार्ग कायमचा तुटला. मदीना बेट झाली.

युद्ध संपलं, वेढा संपला नाही

३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोस येथे उस्मानी सरकारने युद्धबंदीच्या करारावर सही केली. त्याच्या १६ व्या कलमात हिजाज, असीर आणि यमनमधल्या शिबंदीने जवळच्या दोस्त सेनापतीपुढे शरण जावं, असं स्पष्ट म्हटलं होतं. बातमी मदीनेत पोहोचली. पाशांनी ती मानली नाही. इस्तंबूलहून अधिकारी हुकूम घेऊन आला, त्यालाही त्यांनी जुमानलं नाही. खुद्द सुलतानाचा आदेश हवा, असा त्यांचा पवित्रा होता.

असे ७२ दिवस गेले. सगळं जग लढाई संपल्याचं मानत होतं आणि मदीनेत लढाई चालूच होती. आजारपणाने सैनिक पटापट मरत होते, अधिकाऱ्यांचा धीर सुटला होता, काही जण रात्री निघून शत्रूला मिळत होते. अखेर पाशांच्याच अधिकाऱ्यांनी बोलणी केली आणि ७ जानेवारी १९१९ रोजी करार झाला. तरीही पाशा निघेनात. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात ते मुक्काम ठोकून बसले. १० जानेवारीला त्यांच्याच माणसांनी त्यांना तिथून उचलून बाहेर नेलं आणि अरबांच्या हवाली केलं. शत्रूच्या हाती तलवार देण्यापेक्षा ती रौजाजवळ ठेवून दिली, अशी आठवण तुर्कस्तानात आजही सांगतात. त्यांच्यामागोमाग सुमारे आठ हजार सैनिक आणि अधिकारी इजिप्तच्या छावण्यांकडे निघाले.

ही निष्ठा म्हणायची की हेकटपणा? त्या ७२ दिवसांत जे शिपाई मेले, त्यांच्या घरच्यांना हा प्रश्न पडलाच असेल. हे मरण कुठल्याही लढाईचा निकाल बदलणार नव्हतं. दुसरीकडे, हरलेल्या सल्तनतीत सगळेच माना खाली घालत असताना कुणीतरी नाही म्हणालं, याचा आधार लाखो लोकांना वाटला, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माल्टाहून काबूलला

इंग्रजांनी पाशांना आधी इजिप्तमध्ये ठेवलं आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये माल्टा बेटावर नेलं. १९२१ च्या वसंतात त्यांची सुटका झाली. मग युरोप, मॉस्को असा फेरा करत सप्टेंबर १९२१ मध्ये ते अंकाराला पोहोचले. तिथे मुस्तफा कमाल पाशांचं सरकार ग्रीकांशी लढत होतं. पन्नाशी ओलांडलेल्या या सेनापतीला आघाडीवर पाठवण्याऐवजी त्याच वर्षाच्या अखेरीस काबूलला राजदूत म्हणून नेमण्यात आलं.

काबूल तेव्हा आडवळणाचं ठिकाण नव्हतं. १९१९ मध्ये अमीर अमानुल्लाह खान यांनी इंग्रजांशी लढून अफगाणिस्तानचं स्वातंत्र्य मिळवलं होतं. १९२० मध्ये हिजरतीच्या चळवळीत हिंदुस्थानातून हजारो मुसलमान तिकडे गेले होते आणि बहुतेक जण हाल सोसून परतले होते. मौलाना उबैदुल्लाह सिंधींसारखे क्रांतिकारक काबूलमध्येच राहत होते. १९२१ च्या मार्चमध्ये मॉस्कोत तुर्क-अफगाण मैत्रीचा करार झाला होता. त्यात तुर्कस्तानने अफगाणांना शिक्षक आणि लष्करी अधिकारी पुरवावेत, असं ठरलं होतं. खिलाफतीच्या नात्याने तुर्कांचा मानही अफगाणांनी मान्य केला होता.

अंकाराचं काम तोवर कोण पाहत होतं? तोच पेशावरचा अब्दुर्रहमान. अन्सारींच्या पथकातून गेलेला हा तरुण तुर्कस्तानातच राहिला, सैन्यात शिरला आणि काबूलला तुर्कांचा प्रतिनिधी झाला. १९२२ मध्ये त्याच्याकडून फखरी पाशांनी सूत्रं घेतली.

आता या कामाचं स्वरूप पहा. मदीनेत पाशांच्या हाती तोफा होत्या, इथे फक्त शब्द होते. इंग्रजांचा वकील काबूलमध्येच बसलेला, रशियाचाही होता आणि प्रत्येक भेटीगाठीवर नजर. तुर्की अधिकारी आणि शिक्षक अफगाण सरकारच्या नोकरीत होते, त्यांना सांभाळायचं. अमानुल्लाह झपाट्याने सुधारणा आणू पाहत होते आणि तुर्कस्तान त्यांचा आदर्श होता, त्यामुळे सुधारणांवरचा राग तुर्कांवरही निघू शकत होता. १९२४ मध्ये खोस्तचं बंड झालं. नव्या कायद्यांविरुद्धचं ते बंड मोडायला पुढचं साल उजाडलं.

खरी कसोटी मात्र ३ मार्च १९२४ ला आली. अंकाराच्या संसदेने खिलाफत बरखास्त केली. मुंबईच्या भायखळ्यातल्या खिलाफत हाऊसपासून काबूलच्या मशिदींपर्यंत सगळीकडे धक्का बसला. ज्या खलिफाच्या नावाने मदीना लढवली, त्या खलिफाला देशाबाहेर पाठवणाऱ्या सरकारचे फखरी पाशा राजदूत होते. ज्या अफगाणांनी खिलाफतीमुळे तुर्कांना मान दिला, त्यांच्यासमोर बसून त्यांना हेच सरकार मांडायचं होतं. मदीनेत त्यांनी सरकारचा हुकूम झुगारला होता. या वेळी त्यांनी पद सोडलं नाही. १९२६ पर्यंत ते काबूलमध्ये राहिले आणि तुर्कस्तान-अफगाणिस्तानचं नातं तुटलं नाही. १९२८ मध्ये अमानुल्लाह स्वतः तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेले आणि दोन्ही देशांत नवा करार झाला.

ते काबूलमध्ये असतानाच हिजाजचं चित्रही पालटलं. १९२५ च्या डिसेंबरात मदीना इब्न सऊदच्या ताब्यात गेली. ज्या शरीफ घराण्यापुढे पाशा झुकायला तयार नव्हते, ते घराणंच हिजाजमधून गेलं. सहा-सात वर्षांत मदीनेवर तीन झेंडे फडकले.

शेवटची वर्षं

काबूलहून परतल्यावर पाशांनी लष्करी अपील न्यायालयात काम केलं आणि १९३६ मध्ये ते निवृत्त झाले. आडनावाचा कायदा आला तेव्हा त्यांनी तुर्ककान हे नाव घेतलं. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी रेल्वेने प्रवास करत असताना एस्किशहरजवळ हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. बॉस्फरसच्या काठावर रुमेली हिसारच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आलं.

त्यांच्या नावावरून भांडण मात्र अजून होतं. डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी समाजमाध्यमावर एक मजकूर पुढे पाठवला. फखरी पाशांनी मदीनेच्या लोकांवर जुलूम केला, मौल्यवान वस्तू पळवल्या, असा त्यात आरोप होता. तुर्कस्तानने संतापून उत्तर दिलं आणि अंकारातल्या अमिराती दूतावासाच्या रस्त्यालाच फखरुद्दीन पाशांचं नाव देऊन टाकलं.

अशा भांडणात आपण एकाची बाजू घेऊन मोकळे होतो. पण फखरी पाशांना पूजायची गरज नाही आणि शिव्या द्यायचीही नाही. रौजावरची त्यांची मोहब्बत खरी होती. सफरबरलिकच्या गाड्यांत कोंबलेल्या मदीनेकरांचे अश्रूही खरे होते, आणि उर्फाचे मृतही. पवित्र जागेवर प्रेम करणाऱ्याला त्या जागेच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचाही हिशोब द्यावा लागतो. त्यांच्या आयुष्यातून घ्यायचा असेल तर हाच धडा घ्यावा. आणि काबूलची चार वर्षंही विसरू नयेत. मदीना अखेर त्यांच्या हातून गेली. काबूलमध्ये गोळीही न झाडता जे नातं त्यांनी सांभाळलं, ते मात्र टिकलं.